मागची कड, तीन मिलिमीटर

बाबा गेल्यानंतर एकेचाळिसाव्या दिवशी कोल्हारहून फोन आला. नंबर अनोळखी होता. पलीकडचा माणूस आधी थोडा वेळ नुसता घसाच साफ करत राहिला.

"ताई, मी ज्ञानेश्वर बोलतोय. कोयत्याला धार लावतो तो. तुमच्या वडलांच्या काठ्या माज्याकडं हायेत."

"कसल्या काठ्या?"

"गोल्फच्या. लोखंडी, पाच. सोल घासायला दिल्त्या. तुमी दुःखात, म्हनून मी फोन न्हाई केला. पन आता ऊसतोड चालू हाय, दुकानात कोयत्यांचा ढीग पडलाय. चुकून कुनी काठी न्हेली तर काय तोंड दाखवू? घासू, का तशाच न्हेता?"

मी म्हटलं, काही करू नका, शनिवारी येते.

नगरच्या घरी दाराआड बाबांची गोल्फची बॅग उभी होती आणि तिच्यात दोनच काठ्या होत्या, हे मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितला, तेव्हा बाकीच्या त्यांनी कुणाला तरी देऊन टाकल्या असतील, असं मी धरून चालले होते. भेटायला येणाऱ्या लोकांना मी ते सांगितलंही होतं. माणसाला आतून कळतं, हळूहळू एकेक गोष्ट सोडत जातो, अशा अर्थाने. लोकांनी माना हलवल्या होत्या. एका काकूंनी डोळे पुसले होते. आणि काठ्या कोल्हारला कोयत्यांच्या ढिगात होत्या, धार लावायला.

गोल्फ न खेळलेल्या, म्हणजे जवळपास सगळ्याच माणसांसाठी एवढं सांगायला हवं की आयर्न नावाच्या काठीला खाली लोखंडी पातं असतं आणि त्या पात्याच्या तळाला सोल म्हणतात. हा सोल कुणाचा बोटभर रुंद, कुणाचा दीड बोट. अरुंद सोल चेंडूखाली कापत शिरतो. रुंद सोल जमिनीवरून घसरत जातो, रुतत नाही, पण जमीन टणक असली तर त्यावरून उडतो. वरून खाली जोरात काठी आणणाऱ्याने रुंद सोल घ्यावा, सपाट फिरवणाऱ्याने अरुंद, असं सगळं जग मानतं. कोल्हारचं मैदान सोडून.

कोल्हारच्या अलीकडे कानिफनाथनानांच्या जमिनीवर एका निवृत्त कर्नलने अठरा वर्षांपूर्वी नऊ खळग्यांचं मैदान केलं. पहिले पाच खळगे मुरमाच्या माळावर आणि पुढचे चार काळ्या जमिनीत, जिथे आदल्या वर्षापर्यंत नानांचा ऊस होता. हिरवळीच्या नावाने वाळूत जळकं तेल कालवून केलेले गोल. त्या मैदानाचा नकाशा बाबांनी काढला. ते पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते आणि कालव्याच्या चाऱ्यांची मोजणी करताना नानांच्या बांधावर बसून त्यांनी आयुष्यातले बरेच डबे खाल्ले होते. नकाशाबद्दल त्यांना मैदानावर कायमचं खेळायला मिळालं. तेव्हा ते छपन्न वर्षांचे होते. त्याआधी त्यांनी कॅरमशिवाय काही खेळलेलं मला आठवत नाही.

पहिल्या वर्षातच मैदानावर दोन पक्ष पडले. मुरमाचे आणि काळीचे. खेळायचे सगळे नऊच्या नऊ खळगे, पण खरा गोल्फ कुठला, यावर वाद. मुरमाचे अरुंद सोल वापरत, काळीचे रुंद. मुरमाचे पुढारी माझे वडील, काळीचे पुढारी नाना. "रुंद सोल घेऊन खेळणं म्हणजे चप्पल घालून देवळात जाणं," बाबा म्हणायचे. "कुणी हाकलत नाही. पण आपल्याला कळायला नको?" त्यावर नानांचं उत्तर ठरलेलं. "पंतांची काठी न्हाई, वस्तरा हाय. बॉल मारत न्हाईत ते. जमिनीची दाढी करत्यात."

यातली गंमत अशी की बाबा काठी मारायचे ती थेट वरून, विहीर खणत असल्यासारखी. त्यांना रुंद सोलच हवा, हे ज्याने त्यांना एकदा पाहिलं त्यालाही कळायचं. पंत गेले त्या वाटेनं मागून कांदा लावावा, रान तयार असतं, असं नाना म्हणत. बाबांचं म्हणणं, दोष जमिनीचा आहे.

त्यांच्या सत्तरीला मी त्यांच्यासाठी पुण्याहून हायब्रीड आणली होती. हायब्रीड म्हणजे अर्धी आयर्न आणि अर्धा लाकडी सोटा असं फुगीर डोकं, खाली ऐसपैस सोल. दुकानातल्या मुलाने सांगितलं होतं, वयस्कर लोकांना फार आवडते. बाबांनी फोनवर सांगितलं, "सुंदर आहे. वजनदार आहे." दोन वर्षांनी आईकडून कळलं की ते त्या काठीने शेवग्याच्या शेंगा पाडत. नानांनाही ती आवडली नव्हती, पण निराळ्या कारणाने. "हायब्रीड म्हंजे दुष्काळातल्या ज्वारीचं नाव. त्या भाकरी खाऊन दिवस काढले मी. परत न्हाई तोंडात घ्यायचा तो शब्द."

बॅगेत उरलेल्या दोन काठ्यांतली एक ती होती. तिच्या डोक्यावरची मोज्याची टोपीसुद्धा निघालेली नव्हती.

शनिवारी सकाळी निघाले. नगर-मनमाड रस्त्यावर गाडी चालवताना मन दुसरीकडे जात नाही, ही त्या रस्त्याची चांगली बाजू. ज्ञानेश्वरचं दुकान गावात शिरायच्या आधी, पत्र्याचं. बाहेर मुरूम टाकलेलं अंगण, त्यात एक उभा टेम्पो आणि शेकड्याने कोयते. ज्ञानेश्वर पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने चाक बंद केलं, हात पुसले, आतून गोणपाटात गुंडाळलेलं बोचकं आणलं आणि लाकडी फळीवर अगदी हळू ठेवलं.

"तुम्हीपण खेळता?" मी विचारलं.

"न्हाई ताई. मला काम हाय."

पण मैदानावरच्या तीस जणांच्या काठ्या त्याच्या चाकाखालून गेल्या होत्या. कुणाची कड उतरव, कुणाचा सोल घास. घासून सोल अरुंद करता येतो, रुंद करता येत नाही. त्यामुळे त्याच्याकडे येणारे बहुतेक मुरमाचे. काळीचे लोक त्याला गमतीने फितूर म्हणत.

बोचक्यात चिठ्ठी होती. बाबांचं ड्रॉइंगचं अक्षर, सगळे अंक एका उंचीचे. पात्याचा छेद काढलेला, बाणांनी मापं दाखवलेली. खाली लिहिलं होतं, "मागची कड ३ मि.मी. उतरवणे. क्र. ५ ते ९. पुढच्या कडेला हात लावू नये. शुक्रवारी लागतील."

"सोमवारी देऊन गेले," ज्ञानेश्वर म्हणाला. "मंगळवारी दिवसभर लाइट नव्हती. बुधवारी…"

बुधवारी बाबा गेले होते.

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. "पण ते खेळत नव्हते. जूनपासून खेळ बंद होता. सोमवारी इथे देऊन गेले म्हणजे कुणाच्या हाती पाठवल्या?"

ज्ञानेश्वरने सात नंबरची आयर्न उचलली आणि चांभार चपलेचा तळ बघतो तशी उलटी धरली.

"ही बघा पुढची कड. ह्या रेघा जुन्या, खोल. कुदळीच्या. सायेब वरून मारायचे ना, तवा पुढची कड आधी जमिनीत जायची. ह्या अठरा वर्षांच्या." त्याने काठी उजेडाकडे फिरवली. "आन् ही मागची कड. ह्या बारीक, पांढऱ्या. ह्या नव्या हायेत. चार-पाच म्हैन्यांच्या."

"चार-पाच महिने ते घरी होते."

"मंग माजं चुकत आसन," तो म्हणाला आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन रस्त्याकडे बघू लागला.

रस्त्यावरून एक इलेक्ट्रिक स्कूटी आवाज न करता अंगणात शिरली. तिच्यावर नातीने लावलेली फुलपाखरं होती आणि नाना होते. शहात्तर वर्षांचे, पांढरा लेंगा-शर्ट, डोक्यावर मैदानावरची टोपी.

"आली का पोरगी? ज्ञाना, चहा सांगितला का न्हाई? का कोयताच धुऊन पाजनार हायेस?"

"नाना," मी म्हटलं, "बाबा इथे यायचे?"

नानांनी स्कूटी स्टँडवर लावली. ती लावायला त्यांनी जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग ज्ञानेश्वरकडे पाहून म्हणाले, "तू सांगितलंस?"

"मी न्हाई. सोलनं सांगितलं."

"शुक्रवार-शुक्रवार," नाना मला म्हणाले. "एसटीनं यायचा. मी स्टँडवरून आनायचो, ह्या फुलपाखरांवर बसवून. पाचच होल खेळायचा, मुरमाचे. काळीत पाय रुतायचे त्याचे, म्हनून तिकडं जायचा न्हाई. पन तो म्हनायचा, काळीत जात न्हाई कारन काळीत गोल्फ नसतो."

"डॉक्टरांनी मनाई केली होती."

"व्हय, सांगितलं हुतं त्यानं मला. मी म्हनलं, पंत, घरी बसा. तो म्हनला, नाना, तुमी काळीत जाऊन बसा."

"आणि आईला काय सांगून निघायचे?"

"ते काय मी इचारलं न्हाई बाबा. नवरा-बायकोच्या मधी मी पडत न्हाई."

मी तिथेच उभी राहून आईला फोन लावला. बाबा शुक्रवारी कुठे जायचे, असं विचारलं.

"वाचनालयात," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "असं मला सांगायचे. मोजे कोण धुवायचं? तांबडा मुरूम निघायचा बादलीत. वाचनालयात मुरूम असतो का?"

"मग तू त्यांना काही बोलली नाहीस?"

"बोलले की. म्हटलं, वाचनालयात जाताना जुने मोजे घाला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच गाडी काढून आली असतीस, रुचा. त्यांचा शुक्रवार गेला असता." मग तिने विचारलं, नाना आहेत का तिथे, त्यांना म्हणावं, तुमचा डबा आमच्याकडेच राहिलाय.

मी फोन ठेवला. नाना म्हणाले, "डब्याचं बोलली का?"

चहा आला. फळीवर पाच काठ्या ओळीने मांडलेल्या होत्या, सोल वर करून. मी सातची उचलली आणि मागच्या कडेवर अंगठा फिरवला. हाताला फार काही लागत नव्हतं, उजेडात धरलं तरच दिसायचं. पाच महिने मी रोज संध्याकाळी त्यांना फोन करत होते. काय करताय विचारलं की ते म्हणत, काय करणार, वाचत बसलोय. कधी कधी पुस्तकाचं पानही सांगत. त्यातल्या एकाही शुक्रवारची मला माहिती नव्हती. जी होती ती या लोखंडावर होती, मागच्या कडेला, तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात. आणि चिठ्ठीत नेमका तेवढाच पट्टा उतरवायला सांगितला होता.

"तशाच नेते," मी म्हणाले.

ज्ञानेश्वरने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. "न्ह्या ताई. तुमच्या हायेत. फकस्त गिऱ्हाइकाचं काम मी अर्धं ठिवत न्हाई. तेबी सायेबांचं. पैल्यांदा बरोबर काम सांगितलं हुतं त्यांनी."

"पैल्यांदा म्हंजे?" नाना चहाचा पेला खाली ठेवत म्हणाले.

"म्हंजे बघा. हातात जोर ऱ्हायला नव्हता. वरून कुदळ येईना. केरसुनी मारल्यागत काठी सपाट यायला लागली. मंग मागची कड आधी जमिनीला लागती, काठी उडती, आन् बॉलच्या टाळक्यावर बसती. ह्याला इलाज एकच. मागची कड काढायची, सोल बारीक करायचा. सायेबांनी सोताचं सोता वळखलं."

"म्हणजे अरुंद सोल त्यांना खरंच हवा होता?" मी विचारलं.

"आता हवा हुता. आधी कदीच नव्हता."

नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "थांब. म्हंजे अठरा वर्षं तो चुकीचा."

"व्हय."

"आन् मी बरोबर."

"तुमी बरोबर."

"हां. हे लिहून दे मला."

"पन शेवटचे पाच म्हैने ते बरोबर."

"ते नगं लिहू."

मला हसू आलं. चाळीस दिवसांत घरी आलेल्या माणसांनी बाबांविषयी जे बोलायचं ते सगळं खालच्या आवाजात बोललं होतं. बाबा चुकीचे होते, असं कुणीच म्हणालं नव्हतं.

नाना मात्र आता गप्प बसणार नव्हते. "ह्या काठ्या आधीच वस्तऱ्यावानी. आनखी घासल्या तर दाभन हुईल. गोनपाट शिवा मंग. अरे, मुरमावर ह्या हाय अशाच बॉल उचलत्यात. मनगट पायजे. पंतांचं मनगट गेल्तं, त्याला सोल काय करनार? पोरी, तू न्हे ह्या अशाच. ह्याच्या नादी लागू नको. तुला दाखवतोच."

आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी माझ्या हातातून सात नंबर घेतली, लेंग्याच्या खिशातून चेंडू काढला, अंगणातल्या मुरमावर टाकला आणि मारला.

खण्ण असा आवाज झाला. चेंडू हवेत गेलाच नाही. जमिनीवरून सुसाट पळाला आणि उभ्या टेम्पोखाली जाऊन थांबला. मुरमाची धूळ उडून आमच्या चहात बसली.

मग नानांनी काठी उलटी करून पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांनी काय केलं होतं. मी जवळ गेले. मागच्या कडेवर, बरोब्बर बाबांच्या रेघांवर, नवीन चकचकीत ओरखडे उमटले होते.

नाना ते शर्टाच्या टोकाने पुसू लागले. लोखंडावरचा ओरखडा तो, पुसून काय जाणार. तरी ते पुसत राहिले. "पोरी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला, "माजं चुकलं. मला ध्यान न्हाई ऱ्हायलं."

तो आवाज मला ओळखीचा होता. चाळीस दिवस तोच ऐकला होता. नानांच्या तोंडून मला तो नको होता.

"बाबा असते तर म्हणाले असते," मी म्हटलं, "काळीच्या माणसाला मुरमावर मोकळा सोडू नये."

नानांनी वर पाहिलं. "म्हनला असता."

"टेम्पोचा टायर पंक्चर झाला का बघा, असंही म्हणाले असते."

"तेबी म्हनला असता. आन् वर चहा माज्याकडनंच उकळला असता." त्यांनी नाक शिंकरलं. आवाज जागेवर आला.

ज्ञानेश्वर एवढा वेळ काठीकडे बघत होता. त्याने ती नानांच्या हातातून काढून घेतली, उजेडात धरली, जरा तिरकी केली.

"नाना, तुमचीबी मागचीच कड लागली की."

"म्हंजे?"

"म्हंजे सायेबांच्या जागी बरोबर. एका रेघंत. तुमीबी आता सपाट मारताय."

"मी?"

"दोन वर्सांपूर्वी हाच बॉल रस्त्यापलीकडं पडला आसता. आज टेम्पोखाली गेला."

"मधी खडा आला."

"खडा कुठं हाय?"

नानांनी अंगणात खडा शोधला. अंगण मुरमाचं होतं, खडे भरपूर होते, पण एकही त्यांना पसंत पडला नाही.

"काळीत मला तरास न्हाई," ते म्हणाले.

"काळी मऊ असती. ती सांभाळून घेती. मुरूम कुनाचं ठिवून घेत न्हाई. मुरमावरचं पाच होल खेळताना हल्ली बॉल पळतो का न्हाई तुमचा? खरं सांगा."

नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "पंत म्हनला हुता. गणपतीच्या आसपास. म्हनला, नाना, तुमचा बॉल ससा झालाय. मी म्हनलं, सोताचं बघ. त्यावर आठ दिवस बोलत नव्हतो आमी. म्हंजे शुक्रवारी खेळायचो, पन बोलत नव्हतो."

मी पुन्हा चिठ्ठी हातात घेतली. तीन वेळा वाचलेली, तरी शेवटचं वाक्य मी इतका वेळ नुसतं ओलांडून जात होते. शुक्रवारी लागतील. ज्या माणसाने सगळं सोडत आणलं आहे, असं मी लोकांना सांगत होते, त्याने सोमवारी एसटीने पन्नास किलोमीटर येऊन पाच काठ्या दुरुस्तीला टाकल्या होत्या आणि चार दिवसांत परत हव्यात म्हणून बजावलं होतं. त्याला रेघा जपून ठेवायच्या नव्हत्या. त्याला चेंडू उचलायचा होता.

"घासा," मी ज्ञानेश्वरला म्हटलं. "पाचही. आणि नानांना द्या."

"मला?" नाना ओरडले. रस्त्यावरचा एक कुत्रा उठून दुसरीकडे गेला. "बारीक सोल? मी? माज्याच रानात? लोक काय म्हनतील?"

"लोकांना सोल कुठे दिसतो? तो खाली असतो."

"तुला ठाऊक न्हाई. आमच्यात काठी हातात घेतली की लोक आधी सोल बघत्यात, मंग तोंड."

"मग बॅगेतून पटकन काढायची आणि पटकन मारायची."

"आन् बॉल उचलला तर? मंग तर आनखीच वांदा. समदे येतील इचारायला."

"बाबा अठरा वर्षं चुकीची काठी घेऊन तुमच्या समोर उभे राहिले, नाना. तुम्हाला दोन-तीन वर्षं बरोबर काठी घेऊन उभं राहायला काय हरकत आहे?"

नानांनी काठ्या एकेक उचलून तोलून पाहिल्या. पाचची जड आहे म्हणाले, नऊची हलकी आहे म्हणाले. सातची हातात घेऊन तिच्या तळावर अंगठा ठेवला, मी मघाशी ठेवला होता तिथेच, आणि ज्ञानेश्वरला म्हणाले, "तीन मिलिमीटर न्हाई. दोन."

"चिठ्ठीत तीन आहेत," मी म्हटलं.

"चिठ्ठी पंताची. मनगट माजं. दोन."

"नाना, दोननं अर्धंच काम हुईल," ज्ञानेश्वर म्हणाला. "तीन म्हंजे तीन. सायेबांनी मापून काढलंय."

"त्याचं मनगट माज्यापेक्षा एक मिलिमीटरनं वाईट हुतं. दोन म्हनलं ना? मुरमाच्या पक्षात जायचंच तर एका पायानं जाईन. दोन्ही पायानं न्हाई."

त्यांचा अंगठा अजून मागच्या कडेच्या आतल्या बाजूला होता. दोन मिलिमीटर उतरवले तर आतला एक मिलिमीटर राहणार होता, रेघांची मुळं असलेला. ते हट्टाने दोन म्हणत होते की आणखी कशाने, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी हट्टानेच म्हटलं असतं.

"दोन करा," मी म्हणाले.

ज्ञानेश्वरने चाक सुरू केलं. "दांडा धरायला मानूस लागतंय. लांब हाय, हालतो. सायेब सोता धरायचे."

मी पुढे झाले. काठीची रबरी मूठ दोन्ही हातांत धरली आणि तो सांगेल तसा दांडा आडवा केला. पातं चाकाला लागलं तशी ठिणग्यांची पिचकारी खाली पडू लागली आणि थरथर दांड्यातून माझ्या कोपरापर्यंत आली.

"घट्ट धर!" नाना ओरडले.

"सैल धरा ताई," ज्ञानेश्वर चाकावरची नजर न काढता म्हणाला. "घट्ट धरलं की काठी थरथरती. सायेबांनाबी हेच सांगत हुतो."

"मंग त्यानं ऐकलं का?" नाना म्हणाले.

"न्हाई."

"मंग ती कशी ऐकनार? त्याचीच हाय."

मी मूठ सैल केली. थरथर कमी झाली. ज्ञानेश्वरने दोनदा काठी काढून व्हर्नियरने मोजली, परत लावली, तिसऱ्यांदा पाण्यात बुचकळली आणि माझ्यासमोर धरली. नवी कड आरशासारखी चमकत होती. तिच्या आत काडीएवढा जुना पट्टा उरला होता आणि त्यावर पांढऱ्या रेघा मध्येच तुटल्यासारख्या थांबल्या होत्या. त्यातल्या बाबांच्या कुठल्या आणि नानांच्या कुठल्या, हे आता ज्ञानेश्वरलाही सांगता आलं नसतं.

नानांनी ती घेऊन डोळ्यांजवळ नेली. "दोनच हाय ना? अर्धाबी जास्त नको."

"दोनच. हे बघा माप."

"आन् हे बघ ज्ञाना, कुनी इचारलं तर गंज काढला म्हन."

"गंज काढला म्हनतो."

"लई गंज हुता म्हन."

ज्ञानेश्वरने हात पुसले आणि फळीवरच्या पुढच्या काठीकडे बोट केलं. मी आठ नंबर उचलली.